गांजाचा रिकामा व्हेप आणि दोन डॉलरचं डिपॉझिट

अमेरिकेत कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली मतदान घेऊन प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. तेव्हा दुकानातला गांजा म्हणजे मुख्यतः बरणीतली सुकी फुलं. आज त्याच दुकानांच्या काउंटरवर मार्कर पेनाएवढी किंवा काडेपेटीएवढी चपटी, रंगीबेरंगी उपकरणं, म्हणजे व्हेप, ओळीनं मांडलेली दिसतात. आत गांजाचं घट्ट तेल, अर्धा, एक किंवा दोन ग्रॅम. तोंडाला लावून ओढायचं, तेल संपलं की टाकून द्यायचं. ही टाकलेली वस्तू पुढे कुठे जाते, आणि ती दुकानात परत यावी म्हणून ग्राहकाचे थोडे पैसे अडकवून ठेवले तर ते जमेल का, हे इथे समजून घेऊ.

आधी वस्तू नीट पाहायला हवी, कारण सगळी भानगड तिच्या पोटात आहे. गांजाचे व्हेप दोन प्रकारचे. पहिल्यात तेलाची नळी, म्हणजे कार्ट्रिज, वेगळी मिळते आणि ती एका सुट्या बॅटरीवर फिरवून बसवतात. तिच्या आट्यांचं माप जवळपास सगळीकडे एकच आहे, त्याला ‘५१०’ म्हणतात: अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानं दहा आटे. बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करून वापरता येते, फेकली जाते ती फक्त नळी. दुसरा प्रकार ‘ऑल-इन-वन’. त्यात टाकी, तापणारी तार आणि बॅटरी एकाच कवचात कायमची बंद असतात.

असं एखादं ऑल-इन-वन उचकटलं तर वर सिलिकॉनचं बूच निघतं. त्याखाली तेलाची टाकी, तिच्या मधोमध धातूची बारीक नळी आणि बुडाशी सिरॅमिकचा गाभा. त्यातली तार तापते आणि तेलाची वाफ होते. टाकी कधीच पूर्ण रिकामी होत नाही, भिंतींना पिवळट चिकट थर राहतोच. त्याखाली ओढल्याचं ओळखणारा सेन्सर, नखाएवढं सर्किट, एक दिवा आणि कागदात गुंडाळल्यासारखी दिसणारी लिथियम-आयन बॅटरी. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच उपकरणांना खाली चार्जिंगचं भोकही असतं. तेल घट्ट आणि भरपूर असल्यानं ते संपायच्या आधी बॅटरी उतरते, म्हणून ती सोय. म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज होणारी, धडधाकट बॅटरी आपण तेल संपलं म्हणून फेकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये निकोटिनच्या ‘वापरा आणि फेका’ व्हेपमधल्या बॅटऱ्या काढून तपासल्या, तर त्या साडेचारशेहून जास्त वेळा चार्ज करता आल्या.

आता ही वस्तू घरच्या कचऱ्याच्या डब्यात जाते. तिथून कचऱ्याच्या गाडीत, आणि गाडीत कचरा दाबला जातो. लिथियम बॅटरीच्या आत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. दाबानं तो फाटला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात, शॉर्टसर्किट होतं, बॅटरी भडकते, आणि शेजारी कागद-पुठ्ठा तयारच असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, २०२१ च्या अहवालात २०१३ ते २०२० या काळात ६४ कचरा केंद्रांवर लिथियम बॅटऱ्यांमुळे लागलेल्या किंवा लागल्याचा संशय असलेल्या २४५ आगी नोंदवल्या. ब्रिटनमध्ये तर मे २०२४ पर्यंतच्या एका वर्षात कचऱ्याच्या गाड्या आणि केंद्रं मिळून बाराशेवर आगी मोजल्या गेल्या. अर्थात या सगळ्या व्हेपच्या नाहीत, त्यात टूथब्रशपासून खेळण्यांपर्यंत सगळ्यांच्या बॅटऱ्या आल्या. पण व्हेप लहान असतो, डब्यात सहज लपतो आणि सतत फेकला जातो.

मग भंगारवाला का घेत नाही? आपल्याकडे इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना दुकानदार जुनी मागून घेतो आणि नवीच्या किमतीतून पैसे कमी करतो. ती व्यवस्था आपोआप चालते, कारण जुन्या बॅटरीत किलोंनी शिसं असतं आणि शिशाला भाव आहे. व्हेपमध्ये लिथियम किती? सुमारे ०.१५ ग्रॅम. त्याचे बाजारभावानं जेमतेम एखाददुसरा सेंट होतील. थोडं तांबं, किंचित कोबाल्ट धरलं तरी कवच फोडून, चिकट टाकी बाजूला काढून, बॅटरी शाबूत सोडवायला जो माणूस बसवावा लागतो त्याच्या मिनिटभराच्या मजुरीपुढे ही रक्कम काहीच नाही. थोडक्यात, रिकाम्या व्हेपची किंमत शून्याच्याही खाली आहे. कोणीतरी पैसे मोजल्याशिवाय त्याला कोणी हात लावणार नाही.

डिपॉझिट म्हणजे या उणे किमतीच्या वस्तूला मुद्दाम चिकटवलेला भाव. खरेदीच्या वेळी ग्राहक वस्तूच्या किमतीवर दोन-तीन डॉलर जास्त देतो. बिलावर ते वेगळे दिसतात. रिकामं उपकरण आणून दिलं की तेवढे परत. फी किंवा कर यापेक्षा हे वेगळं, कारण फी गेली ती गेली. फीमुळे सरकारकडे पैसा जमतो, पण ग्राहकाला उपकरण परत आणायचं काहीच कारण उरत नाही.

हे चालतं याचे दाखले बाटल्यांच्या दुनियेत भरपूर आहेत. ओरेगॉन राज्यानं १९७१ मध्ये अमेरिकेतला पहिला बाटली कायदा केला, बाटलीमागे पाच सेंट. पुढच्या चार-साडेचार दशकांत पाच सेंटची किंमत उतरत गेली आणि परत येणाऱ्या बाटल्यांचं प्रमाणही घसरलं. कायद्यात नंतर एक शहाणी तरतूद घातली गेली: सलग दोन वर्षं प्रमाण ६४ टक्क्यांखाली गेलं तर डिपॉझिट दुप्पट. तसं झालं, एप्रिल २०१७ पासून दहा सेंट लागू झाले आणि थोड्याच काळात प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं. लिथुआनियानं २०१६ मध्ये योजना आणली. आधी तिथल्या प्लॅस्टिक बाटल्यांतला जेमतेम तिसरा हिस्सा परत यायचा, दोन वर्षांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेलं. माणसं तीच, बाटल्या त्याच. बदलला तो फक्त रिकाम्या बाटलीचा भाव.

म्हणून व्हेपवर पाच-दहा सेंट लावून उपयोग नाही. तीस-चाळीस डॉलरचं उपकरण घेणारा माणूस दहा सेंटसाठी खिशात चिकट नळी घेऊन फिरणार नाही. रक्कम टोचेल इतकी हवी, पण इतकीही नको की गिऱ्हाईक परवाना नसलेल्या विक्रेत्याकडे वळेल, कारण तिथे डिपॉझिट नाही, कर नाही आणि तपासणीही नाही. मला दोन डॉलर ही रक्कम बरी वाटते. उदाहरणासाठी तीच धरून पुढे जाऊ.

खरं तर डिपॉझिटसाठी गांजाइतका सोयीचा धंदा शोधून सापडणार नाही. बाटली किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, कुठेही विकली जाते. कायदेशीर गांजा मात्र फक्त परवानाधारक दुकानातच, ओळखपत्र दाखवून. रोपापासून विक्रीपर्यंत प्रत्येक माल सरकारी नोंदीत असतो. बऱ्याच राज्यांत यासाठी ‘मेटर्क’ नावाची प्रणाली वापरतात, रोपांना इलेक्ट्रॉनिक चिप असलेले टॅग लावतात आणि आता सुट्या पाकिटांवर क्यूआर कोडही येऊ लागलेत. म्हणजे कुठलं उपकरण डिपॉझिट भरून विकलं गेलं आणि कुठलं नाही, हे एका स्कॅनमध्ये कळू शकतं. बाटलीवाल्यांना डिपॉझिट न भरता शेजारच्या राज्यातून ट्रक भरून येणाऱ्या रिकाम्या डब्यांची डोकेदुखी असते, ती इथे बरीच कमी. फक्त एक पथ्य पाळावं लागेल: बाटली मशिनमध्ये चेपली जाते, त्यामुळे तिचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. व्हेप चेपला तर पेट घेईल. तेव्हा कोड स्कॅन होताच तो नोंदीतून कायमचा बाद झाला पाहिजे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. अडचण सुरू होते ती उपकरण काउंटरच्या आतल्या बाजूला आल्यावर.

टाकीच्या भिंतीवर राहिलेला तो पिवळट थर आठवतो? त्यात टीएचसी आहे, गांजातला नशा आणणारा घटक. राज्यानं परवानगी दिली असली तरी अमेरिकेच्या संघीय कायद्यात गांजा अजून नियंत्रित पदार्थ आहे. त्यामुळे असा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं जोखमीचं. लिथियम बॅटऱ्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने मात्र मोजके, आणि ते आपल्याच राज्यात असतील असं नाही. टपालानं पाठवावं तर २०२० च्या डिसेंबरमधल्या कायद्यानं आणि त्यावर टपाल खात्यानं ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेल्या नियमानं व्हेपसाठी टपालाची वाट जवळपास बंद केली. तो कायदा आणला होता शाळकरी मुलांना घरपोच ई-सिगारेट मिळू नये म्हणून. रिकामी उपकरणं परत पाठवण्याच्या योजनाही त्याच फटक्यात अडकल्या.

दुसरा पेच आणखी मजेशीर आहे, अर्थात आपण लांबून बघतोय म्हणून मजेशीर. गांजाचा कचरा कोणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून अनेक राज्यांत तो ओळखू येणार नाही असा करावा लागतो. वॉशिंग्टन राज्याची पद्धत अशी की तो दळायचा आणि त्यात किमान निम्मा दुसरा कचरा मिसळायचा. पानं-काड्यांसाठी नियम ठीक आहे. पण हाच नियम बॅटरी असलेल्या उपकरणाला शब्दशः लावला तर दळणयंत्रातच आग. एक खातं म्हणतं दळा, दुसरं म्हणतं चेपूही नका. निकोटिनच्या व्हेपची तऱ्हा वेगळी: निकोटिन ईपीएच्या घातक कचऱ्याच्या यादीत नावानं आहे, टीएचसी नाही. म्हणजे दिसायला जुळी भावंडं असलेल्या दोन उपकरणांना दोन वेगळे कायदे लागतात, आणि काउंटरवरच्या विशीतल्या पोरानं ते ओळखायचे.

काही राज्यांनी गाठी सोडवायला सुरुवात केली आहे. कोलोरॅडोच्या नियमांत ‘ग्राहकाकडचा गांजा-कचरा’ अशी वेगळी व्याख्याच आहे आणि तिच्यात रिकाम्या कार्ट्रिज, बॅटऱ्या आणि ऑल-इन-वन उपकरणं नाव घेऊन धरली आहेत. वापरून झालेली वस्तू आणि विकायचा गांजा यांत फरक केला की दुकानाला ती परत घ्यायला वाट मिळते. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये कायदा करून जाहिरातीत ऑल-इन-वन व्हेपला ‘डिस्पोजेबल’ म्हणायलाच मनाई केली, आणि तो घातक कचरा म्हणून टाकावा ही सूचना जुलै २०२४ पासून बंधनकारक केली. चांगलं आहे. पण सूचना वाचून कोणी गावाबाहेरच्या संकलन केंद्रापर्यंत गाडी काढतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. काही दुकानं रिकामं उपकरण आणणाऱ्याला पुढच्या खरेदीत सवलत देतात. ती डिपॉझिटची सावत्र बहीण: पैसे आधी अडकलेले नसतात, आणि सवलत घ्यायची तर पुन्हा खरेदी करावी लागते.

आता पैशाचा हिशेब. तो कंटाळवाणा वाटला तरी योजना तिथेच तरतात किंवा बुडतात. समजा एका राज्यात वर्षाला एक लाख उपकरणं विकली गेली, प्रत्येकी दोन डॉलर डिपॉझिट. जमले दोन लाख डॉलर. परत आलेलं एक उपकरण साठवणं, आग न लागेल असं पॅक करणं, वाहून नेणं आणि फोडणं याला सरासरी एक डॉलर लागतो असं धरू. साठ हजार परत आली तर चाळीस हजार उपकरणांचे ऐंशी हजार डॉलर कोणी मागायला येत नाही. खर्च साठ हजार. योजना नफ्यात. आता योजना सुधारली, नव्वद हजार परत आली. न मागितलेली रक्कम फक्त वीस हजार, खर्च नव्वद हजार. सत्तर हजारांचा खड्डा. म्हणजे योजना जितकी यशस्वी तितकी तोट्यात.

म्हणून फक्त डिपॉझिटवर योजना उभी करू नये, हे माझं ठाम मत. डिपॉझिटचं काम उपकरण दारापर्यंत आणणं. दारापासून पुढचा खर्च विकणाऱ्या ब्रँडकडून वेगळा, परत न मिळणारा घ्यायला हवा. उपकरणं बहुतेक चीनमधल्या शेन्झेनला बनतात, तिथल्या कारखान्याला कोलोरॅडोचा नियामक काय धरणार? पण त्यात तेल भरून आपलं नाव छापणारी कंपनी परवानाधारक आणि हाताशी असते. आणि न मागितलेली रक्कम ज्याच्या खिशात जाते त्याला योजना चालवायला देऊ नये. लोक विसरले तर ज्याचा फायदा, तो आठवण कशाला करून देईल? मिशिगनमध्ये बाटल्यांच्या अशा रकमेतला ७५ टक्के वाटा राज्याच्या निधीत जातो आणि २५ टक्के दुकानदारांना, तो त्यातल्या त्यात बरा मार्ग.

एक बारीक गोष्ट ठरवणाऱ्यांच्या नजरेतून सुटू शकते. बाटल्यांच्या योजनेत फेकलेली बाटली उचलून पैसे मिळवणारे लोक असतात, आणि योजनेच्या यशात त्यांचा मोठा हात असतो. गांजाच्या दुकानात मात्र एकवीस वर्षांचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाकडे ते अनेकदा नसतं. तेव्हा परत घेणारी खिडकी दाराच्या बाहेर हवी, आगीला टिकणाऱ्या पेटीसह, आणि जो आणेल त्याला नाव न विचारता रोख पैसे. ज्यावर कोड नाही असं बेकायदेशीर उपकरणही तिथे घ्यावं, फक्त त्याचे पैसे देऊ नयेत. कचऱ्याच्या गाडीत दोघांच्याही बॅटऱ्या सारख्याच पेटतात.

टाकी पुन्हा भरून वापरावी, हा मार्ग ऐकायला सगळ्यात स्वच्छ. पण २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेले किंवा दगावलेले मिळून २,८०७ रुग्ण, त्यात ६८ मृत्यू, अशी नोंद झाली. तिचा घट्ट संबंध निघाला तो काळ्या बाजारातल्या टीएचसी कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी. त्यानंतर जुन्या टाकीत नवं तेल भरायचं म्हटलं की तपासणी कोण करणार हा प्रश्न पहिला येतो. त्यापेक्षा ऑल-इन-वनवर डिपॉझिट जास्त आणि सुट्या ५१० कार्ट्रिजवर कमी ठेवलं, तर ग्राहक आपोआप टिकणाऱ्या बॅटरीकडे सरकेल.

ब्रिटननं दुसरी वाट धरली. १ जून २०२५ पासून तिथे एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवरच बंदी आहे, निकोटिन असो वा नसो. बंदीला खर्च कमी. पण बाजारात लगेच चार्जिंगचं भोक आणि बदलता येणारी टाकी असलेली, तशीच स्वस्त उपकरणं आली, आणि स्वस्त वस्तू माणूस टाकतोच.

आपल्याकडे हा विषय कागदावर उद्भवतच नाही. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री सगळं बंद आहे आणि गांजावर १९८५ चा अमली पदार्थ कायदा आहे. पण चोरून येणाऱ्या ई-सिगारेटच्या बॅटऱ्याही शेवटी मुंबई-पुण्याच्या कचऱ्यातच जातात, आणि बेकायदेशीर मालाला ना उत्पादक, ना बिल, ना परत घेणारी खिडकी. डिपॉझिटची कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत महाराष्ट्र सरकारनं दुधाच्या पिशवीला ५० पैसे परताव्याची तरतूद केली होती. पिशवी देऊन ५० पैसे घेतलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. गोव्यानं २०२४ मध्ये वेष्टनांसाठी डिपॉझिट परताव्याची योजना अधिसूचित केली. दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन ते परत देण्याची तमिळनाडूतली पद्धत २०२२ मध्ये निलगिरीत सुरू झाली. तिथेही विक्री फक्त सरकारी दुकानातूनच होते, म्हणजे एकाच काउंटरवरून देणं आणि घेणं, गांजाच्या दुकानासारखंच.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर राज्याचा कायदा तुम्हाला वाचवत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात गांजाचा वापर किंवा त्या धंद्यातली नोकरी आड येऊ शकते, हे इमिग्रेशन खात्यानं एप्रिल २०१९ मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि घरात कोणाचा, भाडेकरूचा किंवा मुलाचा, रिकामा व्हेप सापडलाच तर तो कचऱ्याच्या किंवा रिसायकलिंगच्या डब्यात टाकू नका, उचकटून बॅटरी काढायच्याही फंदात पडू नका. काउंटीचं घातक घरगुती कचरा संकलन केंद्र तो घेतं का, हे फोन करून विचारा, कारण गांजाचं तेल म्हटलं की काही केंद्रं नाही म्हणतात. दुकान परत घेत असेल तर दुसऱ्या ब्रँडचा चालतो का तेही विचारा. सुटी ५१० बॅटरी चार्ज होईनाशी झाली असेल तर तिच्या टोकाला चिकटपट्टी लावून ती जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या पेटीत टाकता येते.